चाल आईची

बुधवार, १२ जून २०२४. सकाळी साडेदहा. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी पत्नीची वही उघडली.

रविवारी नातीचे बारसे होते. पाळणा माझ्या पत्नीचाच म्हणायचा, असे सुनेने ठरवले होते. पत्नी जाऊन दीड वर्ष झाले. वहीत शब्द पूर्ण आहेत. वर एवढेच लिहिले आहे: चाल आईची. तिची आईही आता नाही. ध्वनिमुद्रण कुणी केले नाही. काही अक्षरांवर पत्नीने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत, वर चढणाऱ्या, खाली वळणाऱ्या. मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो. सुरांची उंची मोजायला खुणांमधून चार आडव्या रेघा आखून पाहिल्या. सूर मिळाला नाही.

त्या हॉलमध्ये दर बुधवारी एक निवृत्त ऑर्गनवादक बाई जुन्या मठांमधले लॅटिन गायन शिकवतात. वाचनालयात लावलेल्या त्यांच्या पत्रकावर एका हस्तलिखिताचे चित्र होते. शब्दांवर तशाच खुणा, रेघा नाहीत. म्हणून गेलो.

बाईंनी वही पाहिली.

"ह्या रेघा कुणी मारल्या?"

"मी."

"पुसून टाका. आमच्याकडेसुद्धा रेघा फार नंतर आल्या. त्याआधी गाणं पाठ असायचं, खुणा नुसती आठवण द्यायच्या. ज्यानं ऐकलंच नाही त्याला त्या मुक्या. तुम्ही ऐकलंय ना?"

"चाळीस वर्षे. बाहेरच्या खोलीतून."

आमच्यात पाळण्याभोवती बायका उभ्या राहतात. पुरुष बाहेर बसतात. मी वर्तमानपत्र घेऊन बसे, मुलगा शेजारी. आत ती म्हणत असताना पान उलटायचे मी कधी थांबलो नाही. एकदा तर मीच दार लोटून घ्यायला सांगितले होते.

"मग भिंतीतून आलं तेवढं गा," बाई म्हणाल्या. "नो वरीज, मेट. इथे परीक्षा नाही."

गायलो. पालुपद पूर्ण आले. ते सगळ्याजणी मिळून मोठ्याने म्हणत. कडवी ती एकटी म्हणे, हळू. त्यातले काही आले नाही. बाई म्हणाल्या, त्यांच्या गायनातही ओळ एकट्याची असते आणि उत्तर सर्वांचे. दुसऱ्यांदा गायलो. तेवढेच आले.

घरी सून दारातच होती.

"बाबा, आली का चाल?"

"पालुपद आले. कडवी गेली."



"मग कडवी मी नुसती वाचते. पालुपद तुम्ही म्हणा. पण पाळण्यापाशी उभं राहून हं. सोफ्यावरून नाही."

"उभा राहीन."

दुपारी खोडरबराने रेघा पुसल्या. दोन ठिकाणी माझी रेघ तिच्या खुणेवरूनच गेली होती. तिथे पुसली नाही. गुरुवारी रद्दी-बाटल्यांची गाडी येते, म्हणून संध्याकाळी पिवळ्या झाकणाचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला.