निम्म्या वाटेवर भरलेली ओटी

गेल्या महिन्यात भाऊसाहेब पेढे घेऊन घरी आले आणि माझ्या मनाची शांती गेली. भाऊसाहेब आमच्या सातपूरच्या कॉलनीतलेच, देवळात आरतीला माझ्या शेजारी उभे राहणारे. त्यांच्या मुलीला पाचवा महिना लागला होता. पेढा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "काका, तुमच्यासारखाच नवस बोललोय. सातव्या महिन्यात पोरगी सप्तशृंगी गडाच्या सगळ्या पायऱ्या पायी चढणार अन् देवीची ओटी भरणार. तुमच्या सुनेला जमलं, मग आमच्या पोरीला का नाही जमायचं?" पेढा माझ्या हातातच राहिला. चहा घेऊन आलेल्या माझ्या पत्नीने, सुमनने, माझ्याकडे एकदाच पाहिलं, कप टेबलावर ठेवले आणि ती आत निघून गेली.

माझी सून त्या पायऱ्या चढलीच नव्हती. गेली चार वर्षं प्रत्येक नवरात्रात मी देवळात उभा राहून सांगत आलो की अश्विनी पोटात बाळ घेऊन गड चढली, आईने तिला बळ दिलं, गाभाऱ्यासमोर ओटी भरली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. मी आज चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. उभं आयुष्य लेथ मशीनवर गेलं. माप चुकलं तर तो तुकडा, तो जॉब, बाजूला काढायचा आणि चुकलं म्हणून सांगायचं, हे मी कितीतरी नव्या कामगारांना शिकवलं. स्वतःच्या चुकीपाशी मात्र गप्प बसलो. म्हणून आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो आहे.

सुरुवात अश्विनीपासून नाही, सुमनपासून करायला हवी. आमचा मुलगा योगेश झाला त्याच्या आधीची गोष्ट. सुमनला दिवस गेले तेव्हा मी असाच नवस बोललो होतो आणि सातव्या महिन्यात तिला गडावर नेलं होतं. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "कंबर फार दुखतेय, जरा टेकू का?" मी म्हणालो, "नवसाच्या वाटेत बसायचं नसतं. देवीचं नाव घे आणि चल." ती चालली. ओटी भरली. उतरून आलो आणि परतीच्या एसटीत तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, पण जगली नाही. चढण्यामुळेच तसं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि त्यामुळे नाही असंही म्हणाले नाहीत. मी लोकांना सांगितलं, देवीची इच्छा. सुमनने त्या दिवसाविषयी पुढे एक अक्षर काढलं नाही, आणि तिच्या गप्प राहण्याला मी समजूतदारपणा मानत राहिलो.

योगेशच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. एकदा राहिलं होतं, ते तिसऱ्या महिन्यातच गेलं. तेव्हा मी पुन्हा देवीपुढे तेच बोलून बसलो, सुनेला न विचारता. नवसाची ही चूक आपल्या घराघरांत होते. बोलणारं तोंड एकाचं असतं आणि फेडणारे पाय दुसऱ्याचे. अश्विनीला पुन्हा दिवस गेले आणि मी तिला नवस सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी नाही म्हटलं आणि उद्या काही झालं, तर ते माझ्यावरच येईल ना?" त्यावर मी म्हणालो, "डॉक्टरबाईंना यातलं काही सांगू नकोस, त्यांना यातलं कळत नाही." तिची भीती मला दिसत होती. त्या भीतीलाच मी श्रद्धा म्हणत होतो.

चैत्रातल्या एका सकाळी मी, सुमन आणि अश्विनी भाड्याच्या गाडीने निघालो. योगेशची कामावर पहिली पाळी होती. दिंडोरी सोडल्यावर अश्विनीने विचारलं, "गडावर जाणाऱ्या ट्रॉलीने गेलो तर चालणार नाही का?" मी म्हणालो, "पायी बोललोय." पायऱ्या सुरू झाल्या. ऊन चढायच्या आत पोहोचू या हिशेबाने मी पुढे, मागे त्या दोघी. निम्म्याच्या आतच अश्विनी कठड्याला धरून थांबली. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. एक हात कमरेवर. "बाबा, जरा..." एवढंच म्हणाली. आणि माझ्या तोंडून तेच वाक्य निघालं, जुनंच, शब्दही न बदललेलं. नवसाच्या वाटेत बसायचं नसतं.

"कोण म्हणतं बसायचं नसतं?"

पायरीच्या कडेला करवंदांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, सुरगाण्याकडची असावी. लुगडं गुडघ्यापर्यंत, हात काटक्यांसारखे. ती उठली, अश्विनीला दंडाला धरून सावलीत बसवलं आणि माझ्याकडे वळली. "बाबा, तुला चढायचं हाय तर तू चढ. हिला कशाला हाकतोस? ती काय बैल हाय?"

मी म्हणालो, "बाई, नवस आहे."

"मंग आई काय वरून पळून चालली? डोंगर तिचा, ही पायरीबी तिचीच."

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. मला राग आला, पण बोलायच्या आत सुमन बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढवला नाही. "अहो, तेव्हा मला कोणी बसवलं नव्हतं. हिला बसू द्या."

मीही तिथेच टेकलो.

पुढचं मी नुसतं पाहत राहिलो. त्या बाईने अश्विनीला आधी घोट घोट पाणी दिलं, मग आपल्या डब्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील. "गटागटा नको, बाय." थोड्या वेळाने तिला उभं केलं, दोन्ही हात सुमनच्या खांद्यांवर ठेवून पुढे झुकायला लावलं, आणि स्वतः मागे राहून तळहाताच्या टाचेने, मनगटालगतच्या भागाने, तिची कंबर दाबत राहिली. "दम धरून ठेवू नको. सोड. आणखी सोड. माझ्या चार लेकरांच्या वेळी माझ्या सासूनं असंच केलं व्हतं." अश्विनीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. एकाएकी ती हसली. "बाळ लाथ मारतंय."

"मारणारच. आजोबावर राग हाय त्याचा," बाई म्हणाली, आणि या वेळी सुमनही हसली.

मग अश्विनीने माझ्याकडे सरळ पाहिलं. "बाबा, मी वर येणार नाही. मला बरं वाटतंय, भीतीही वाटत नाही. पण मी येणार नाही." तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, शंकाही नव्हती. मी होकाराची मान हलवली.

पिशवीत देवीसाठी आणलेली ओटी होती. खण, नारळ, तांदूळ. सुमनने ती काढली, वर शिखराकडे बघून नमस्कार केला आणि त्या बाईसमोर बसली. बाई मागे सरकली. "मला नको, बाय. घरवाला गेला माझा. तुमच्या लोकांत चालत नाय." सुमन म्हणाली, "आज चालतं. पदर पुढे करा." त्या फाटक्या पदरात ओटी पडली. बाईने तो पदर दोन्ही डोळ्यांना लावला. आम्ही उतरलो. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

परतल्यावर अश्विनीने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या मला चांगलंच बोलल्या, ते योग्यच होतं. पुढचे दोन महिने सुमन रोज संध्याकाळी सुनेची कंबर तशीच दाबायची, तळहाताच्या टाचेने. घरात आंबील होऊ लागली. सकाळी दोघी हळूहळू फिरून यायच्या, दमल्या की कुठल्याही ओट्यावर बसायच्या. अश्विनी मला एकदा म्हणाली, "बाबा, दमल्यावर बसता येतं हे कळलं आणि निम्मी भीती तिथेच गेली." कळा सुरू झाल्या तेव्हाही ती नर्सला विचारून पलंगाला धरून उभी राहिली, पुढे झुकली, श्वास सोडत राहिली. नात सुखरूप झाली. आता ती चार वर्षांची होईल.

हे सगळं सोडून मी लोकांना शिखर सांगत राहिलो, कारण नवस अर्धा राहिला हे कबूल करायची लाज वाटत होती. अर्धा राहिलाच नव्हता. आई निम्म्या वाटेपर्यंत खाली आली होती, आणि सुमनने तिला माझ्याआधी ओळखलं, असं मी आज मानतो. कोणी मानावं असा आग्रह नाही.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांच्या घरी जाऊन मी हे सगळं त्यांच्या मुलीसमोर सांगितलं. भाऊसाहेब लाल झाले. "काका, चार वर्षं खोटं बोललात? देवळात?"

"हो."

"अन् मी बोललोय त्या नवसाचं काय आता?"

"तोंड तुमचं होतं, पायही तुमचेच चालतील. मी येतो बरोबर. माझेही दोन नवस माझ्या पायांनी फेडायचे बाकी आहेत."

त्यांची मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. "पप्पा, ट्रॅकसूट काढून ठेवू का?"

गेल्या आठवड्यात आम्ही दोघे गड चढलो. करवंदांचा हंगाम नव्हता, ती बाई दिसली नाही. तिच्या पायरीपाशी मी बसलो, बराच वेळ. वर जाऊन देवीपुढे हात जोडले आणि या वेळी काहीच मागितलं नाही, काहीच बोललो नाही. आपण ठरवलेल्या वाटेनेच देवाने यावं हा हट्ट सोडणं, माझ्यापुरती शरणागती एवढीच. ती शिकायला मला चाळीस वर्षं आणि दोन बायकांचे पाय लागले.

घरी आलो तेव्हा सुमन दारात होती. "मध्ये बसलात का?" तिने विचारलं.

"चार वेळा."

"कोणी हाकलं?"

"नाही."

तिने मला स्टुलावर बसवलं, माझ्या मागे उभी राहिली आणि तळहाताच्या टाचेने माझी कंबर दाबू लागली. "दम धरून ठेवू नका," ती म्हणाली. "सोडा."