कवळीआजोबांचा भोवरा

माझा धाकटा भाऊ दात करतो. स्वतःचे नव्हे, लोकांचे. खालच्या मजल्यावर त्याची कामाची खोली आहे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, गुलाबी मेणाचा वास, आणि कोपऱ्यात घासायच्या मशीनची घरघर. कामात माणूस एक नंबर. कुणाची कवळी हिरडीला जराशी टोचली, तर ती बसेपर्यंत याच्या घशाखाली घास उतरत नाही. बोलण्याचं तसं नाही. तिथे काहीही कुठेही बसवून देतो.

माझी नात सहा वर्षांची. लेक कामावरून येईपर्यंत ती माझ्याकडे असते. घरात तिला सगळे भुंगा म्हणतात, कारण एकदा कानाशी लागली की सुटका नाही. ती वर येते, दप्तर फेकते आणि थेट खाली कवळीआजोबांकडे पळते. तिचंही बरोबर आहे. मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते. उठू नका, वाकू नका, खाजवू नका, हे सांगण्यात हयात गेली आणि तेच तोंडात राहिलं. हा मात्र तिला लहानपणीच्या गमती सांगत बसतो.

"गोदामाच्या भिंतीवरून चालायचो मी, हात सोडून. खाली दोन कुत्रे."

"त्यांना दात होते?"

"दात होते म्हणून तर भिंतीवरून जायचो."

मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. अहो, त्या भिंतीवरून मी चालायचे. हा खाली उभा राहून "ताई, पडशील, आईला सांगीन" म्हणत भोकाड पसरायचा. पुढे गवताच्या पात्याची शिट्टीही त्याची झाली. मग बेचकीने गॅरेजवाल्याच्या डब्यावर मारलेला खडाही त्याचाच. माझं अख्खं लहानपण मेल्याने उचलून नेलं आणि वर तिखटमीठ लावून पोरीला खाऊ घातलं.

एकदा मी त्याला बाजूला घेऊन झापलं. "अरे, निदान एखादी तरी गोष्ट स्वतःची सांग."

"माझ्यात काही मजा नव्हती गं, ताई," तो जबडा घासता घासता म्हणाला. "पोरीला द्यायचं तर चांगलं ते द्यावं."

कपाळ माझं! मी नाद सोडला. सोडलाही असता कायमचा, पण परवा भुंगा वर आली आणि माझ्या मांडीवर कोपरं टेकून म्हणाली, "आजी, तू लहानपणी काय करायचीस?"

मी मनात एकेक गोष्ट काढून पाहिली. भिंत म्हणावं तर ती त्याची, शिट्टी त्याची, बेचकी त्याची. आता काही सांगावं तर पोरगी म्हणणार, आजी आजोबांचं चोरते.

"आई सांगेल ते काम," मी म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली हो. त्या एका अरेरेने माझं डोकं सणकलं. मी तशीच तिच्या मागोमाग खाली उतरले.

खाली भाऊसाहेब रंगात आले होते. बाजारातून नवा भोवरा आणला होता आणि आपण तो हातावर कसा झेलायचो, ते सांगणं चाललं होतं.

"दाखव ना," भुंगा म्हणाली.

"खांदा धरलाय गं."

"काल भिंतीच्या वेळी गुडघा धरला होता."

"पाळीपाळीने धरतात."

मी काही न बोलता भोवरा उचलला. दोरी घट्ट गुंडाळली, टोक बोटात अडकवलं आणि झटका दिला. प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीत भोवरा गुणगुणत उभा राहिला. दोन बोटांच्या मधून अलगद तळहातावर घेतला आणि भुंग्याच्या नाकासमोर धरला. एवढ्या वर्षांनी जमेल की नाही, मलाच धाकधूक होती, पण हात विसरले नव्हते. भुंग्याचं तोंड उघडंच राहिलं. मला इतका आनंद झाला, की काय सांगू.

भाऊ लगेच पुढे सरसावला. "मीच शिकवलंय तिला," तो म्हणाला.

भुंग्याने भोवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग तुला का येत नाही?"

मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, बोल आता.

त्याने मेणाचे हात फडक्याला पुसले. "ही मला द्यायचीच नाही," तो म्हणाला. "मी दोरी धरून उभा असायचो. मग आई हाक मारायची, आणि ही भोवरा घेऊन घरात. उद्या देते म्हणायची."

हसतच म्हणाला. पण थाप मारताना तो कधी माझ्याकडे बघत नाही, आणि आता बघत होता.

"खरं, आजी?"

"खरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

भुंग्याने लगेच हात पुढे केला. "मग आता मला दे."

"थांब. आधी त्याची पाळी," मी म्हटलं आणि भोवरा भावाच्या हातात ठेवला.

तो हातभर दोरी घेऊन बसला. एवढे बारीक दात बसवणारा माणूस, पण त्याला ती धड गुंडाळताही येईना.

"गधड्या, उलटी गुंडाळतोयस," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.