सपक सोड्याचा पंचनामा

ही फजिती अख्ख्या अकोल्याला माहीत आहे, तुम्हीच तेवढे राहिलात. पण चहा आधी खाली ठेवा, अंगावर सांडेल!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. कापूस बाजाराजवळ माझा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय हो, एक खोली, एक चाक आणि मी! समोर हबीबभाईनं सोड्याचं दुकान टाकलं आणि माझं पोट दुखायला लागलं. त्याच्यापुढं बैलबंड्या थांबायच्या, माझ्यापुढं माशा. खोटं कशाला बोलू? मी जळायचो!

त्यातच माझ्या डोळ्यात काचबिंदू निघाला. अमरावतीच्या डॉक्टरांनी नव्यानं निघालेल्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "शामराव, या गोळीनं रक्तात आम्ल वाढू शकतं. धाप लागली, गळून गेल्यासारखं झालं, की गोळी बंद करून तडक इकडं यायचं." पुढं तोंडाच्या चवीबद्दलही काही सांगत होते, पण माझं लक्ष खिडकीबाहेरच्या सोडावाल्याकडं. त्याच्याकडंही गर्दी!

चौथ्या दिवशी सकाळी पहिली बाटली फोडून घोट घेतला. पाणी! नुसतं सपक पाणी!

"शांते, गॅस कुठी गेला याच्यातला?"

बायकोनं घोट घेतला आणि तिला ठसका लागला. "अवो, नाकात गेला नं माह्या! अजून किती गॅस पायजे तुमाले?"

बायको हबीबभाईला फितूर झाली, असं मी ठरवून टाकलं. मग दोन दिवस चाक फिरवून फिरवून गॅस भरला. तीन बाटल्या फुटल्या, तरी सोडा सपकच. वर धाप अशी, की बोलणं तुटायचं. म्हटलं, इतकं जळल्यावर माणसाला धाप लागणारच!

शेवटी हबीबभाईकडं जाऊन त्याचा सोडा प्यायलो. आता काय सांगू तुम्हाला, तोही सपक! जन्मात इतका आनंद झाला नव्हता.

नेमके तेव्हाच जिनिंगवाले शेठ पोरीच्या लग्नाचा सोडा ठरवायला आले. अशी ऑर्डर वर्षातून एकदा यायची, आणि शेठ उभे हबीबभाईच्या दारात!

मी मध्ये घुसलो. माझाही सपकच होता, पण ते शेठला कशाला सांगू? "शेठ, याचा सोडा मेलेला हाये! माहे डोये बांधा, दोन्ही चाखतो अन् याचा कोणता ते सांगतो!"

"शामभाऊ, कायले जिद करून राह्यले?" हबीबभाई म्हणाला. "दम लागून राह्यला तुमाले. बैठो जरा."

मी ऐकतो होय? डोळ्यांवर उपरणं बांधून घेतलं. शेठनं पहिला ग्लास हातात दिला. एक घोट घेतला आणि थुंकलो.

"थू! बैलबी तोंड नाही लावणार याले! हाच हबीबचा!"

शेठनं माझ्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं. मग शेठ म्हणाले, "शामराव, हा तर तुमचाच हाये."

सारा बाजार हसला आणि मी मटकन खाली बसलो. श्वास काही आवरेना. हबीबभाईनं ऑर्डरचं बोलणं तसंच सोडलं, दुकानाला कुलूप घातलं आणि मला गाडीत बसवून अमरावतीला नेलं.

डॉक्टर कडाडले, "धाप लागली की या म्हटलं होतं ना?"

"मले वाटलं, मी हबीबवर जयतो म्हून लागून राह्यली."

हबीबभाई शेजारीच उभा. तो गुपचूप छताकडं बघायला लागला.

"गोळीनं रक्त आंबटलं," डॉक्टर म्हणाले. "त्यात तुम्ही चाक फिरवत बसलात! अति श्रमानं अंगात लॅक्टिक आम्ल तयार होतं, दह्यात असतं तेच. त्याची आणखी भर पडली. आणि या गोळीनं सोडा पाण्यासारखा लागतो, हेही मी सांगितलं होतं. आणखी दोन दिवस थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं!"

गोळी बंद झाली, डोळ्यात घालायचे थेंब आले. हबीबभाईनं शेठला सांगून अर्धी ऑर्डर मला देववली. माणूस इतका चांगला निघाला, की मी आणखीच जळलो!

लग्नात दोघांच्या बाटल्या एकाच टेबलावर मांडलेल्या. मी एक उचलून फोडली आणि घोट घेतला. अहाहा! नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी! मला राहवलं नाही.

"पाहा शेठ, याले म्हणते सोडा!" मी मांडवभर ओरडलो. "हबीबभाई, असा बनवून दाखव एकदा!"

शांतानं मला कोपरानं ढोसलं. "हळू बोला नं. बाटली हबीबभाईचीच हाये."