पाच मिनिटं गिरणी बंद

राजेश्वरपासून बसवकल्याणपर्यंत आमच्या गिरणीवाल्या मामांइतक्या मोठ्याने बोलणारा माणूस जन्माला आलेला नाही आणि यापुढे येईल असं मला वाटत नाही. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीशेजारी उभं राहून बोलायचं म्हणजे गिरणीच्या वर आवाज काढावा लागतो, आणि एकदा वर गेलेला मामांचा आवाज घरात, लग्नात, बसमध्ये कुठेच खाली उतरला नाही. पलीकडच्या गल्लीत कुणी वारलं तेव्हा मामांनी त्या घरच्या माणसाच्या कानात सांत्वनाचे चार शब्द हळूच सांगितले. ते मामींनी आपल्या घरात भाकरी थापता थापता ऐकले. देवळात मामा मनातल्या मनात काय मागतात, हेही आम्हाला लहानपणी माहीत असायचं. ऐकायची मात्र त्यांना सवय नव्हती. समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं सगळं मामांना आधीच कळलेलं असे, आणि ते उत्तर देऊन मोकळे होत.

तर अशा माणसाच्या गिरणीत, मुलांशी कसं वागावं हे आईबापांना शिकवणारं अ‍ॅप घेऊन मी गेले. तेव्हा मी एका संस्थेत कामाला होते आणि गावोगावच्या घरांत ते अ‍ॅप पोचवणं माझ्याकडे होतं. दारोदार फिरून मी टेकीला आले होते. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा शेतात आणि दारात सासू, सहा लेकरं आम्ही काय फोनला विचारून वाढवली का, असं म्हणत उभी. मामांनी माझं रडगाणं अर्धंच ऐकलं आणि निकाल दिला की बाया दळण होईस्तोवर गिरणीत बसूनच असतात, तुझी शाळा इथंच भरव. शाळा दुसऱ्याच दिवशी भरली, फक्त मास्तर मामा झाले. गाव कर्नाटकातलं, म्हणून अ‍ॅप बोलायचं कन्नडमध्ये, आणि बाया मराठी बोलणाऱ्या. मामा फोन कानाला लावून ते ऐकायचे, मग गिरणीच्या आवाजावर तेच मराठीत ओरडायचे आणि पदरची चार वाक्यं घालायचे. 'लेकरांशी हळू आवाजात बोलावं' हा धडा त्यांनी अशा काही आवाजात सांगितला की पोत्यावर निजलेलं एक तान्हं दचकून उठलं आणि त्याची आई दळण तिथंच टाकून त्याला बाहेर घेऊन गेली. पण बाया यायला लागल्या. आठवड्याचं दळण एकदम आणणाऱ्या आता थोडी थोडी ज्वारी घेऊन रोज येऊ लागल्या, आणि ती सहा लेकरांची सासू तर उद्याचा धडा आजच सांगा म्हणून हटून बसू लागली.

एका दुपारी मामांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला आणि यातही टाक म्हणाले. मी टाकलं. अ‍ॅपने मुलाचं वय विचारलं. मामांना एकच मुलगा, दत्ता. तो पस्तिशीचा, बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत विजेची कामं करणारा. बारावीनंतर त्याला आयटीआयला जायचं होतं. हे सांगायला तो गिरणीत आला, आणि मामांनी त्याचं पहिलंच वाक्य तोडून, दळणाला आलेल्या सगळ्या बायांसमोर, जायचं तर जा, पुन्हा पायरी चढू नको, असं ओरडून सांगितलं. तो गेला. सणावाराला यायचा, मामींशी बोलायचा, बापाला हो-नाहीच्या पुढे उत्तर द्यायचा नाही. मामा हे कुणाजवळ बोलत नसत, एवढ्या आवाजाचा माणूस या एकाच गोष्टीत मुका होता.

अ‍ॅपमधली वयं सतरापाशी संपत होती. मामांनी जाड बोटाने सतरा दाबलं. दत्ता पस्तीस वर्षांचा आहे, हे मी त्यांना समजावू लागले.

"मला ठाव हाय," मामा म्हणाले. "पर आमचं बोलणं तितंच थांबलंय. मग तितूनच सुरू करावं लागंल की."

त्यांच्या फोनवर पहिलाच धडा आला तो असा, की रोज पाच मिनिटं मुलासाठी ठेवा, त्याला हवं ते बोलू द्या आणि मध्ये बोलू नका. तो धडा मामांनी बायांना सांगितला नाही. तीन-चार दिवस ते फोन खिशातून काढत आणि परत ठेवत. मग एका सकाळी अकराच्या सुमारास, कुणाचे तरी गहू निम्मे दळून झालेले असताना, त्यांनी खटका ओढला. चालू दळणात गिरणी बंद झालेली गावाने कधी पाहिली नव्हती. एवढी शांतता झाली की बाया घाबरून उभ्या राहिल्या. मामांनी फोन लावला आणि त्या शांततेत, आम्ही कुणी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "दत्ता, तू बोल. मी ऐकायलोय."

पलीकडून दत्ताने घाबरून विचारलं, "आप्पा, माय बरी हाय नव्हं?"

बापाचा हळू आवाज ऐकून घरात कुणीतरी गेलं असंच त्याला वाटलं. पहिल्या दिवशी बोलणं तेवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी अकराला गिरणी पुन्हा बंद, तिसऱ्या दिवशीही. हळूहळू दत्ता कारखान्यातलं सांगू लागला, मग त्याच्या मुलीचं. तेवढा वेळ बायाही गप्प बसत, आणि सोबत आलेलं लेकरू असेल तर त्याला मांडीवर घेऊन त्याचं ऐकत. माझ्या दारोदार फिरण्याने जे झालं नव्हतं ते एका खटक्याने झालं.

माझं ते काम पुढे संपलं आणि मी लातूरला आले. यंदा गेले तेव्हा अकराला गिरणी बंदच होती. मामा उंबऱ्यावर बसले होते, फोन कानाला, तोंड घट्ट मिटलेलं. मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गिरणीने त्यांचे कान खाल्ले, डॉक्टर आता काही होणार नाही म्हणतात. फोन ठेवल्यावर मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, काय म्हणाला दत्ता?

"निम्मंच कळलं," मामा म्हणाले. "पर लई येळ बोलला. म्या मधी तोंड उघाडलं न्हाई."

मग त्यांनी अ‍ॅप उघडलं. त्यात दत्ता अजून सतरा वर्षांचाच आहे. आज तुम्ही मुलाचं ऐकलंत का, असा रोजचा प्रश्न आला होता. मामांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि 'हो' दाबलं. मी आता त्या कामात नाही. असते तरी ते उत्तर मी खरं म्हणूनच धरलं असतं.