म्हाताऱ्याचं काय झालं, कळव

ताईने शाळेचे गणवेश शिवून धाकट्या भावाला शिकवलं. पुढे तो लेखक म्हणून नावाजला, पण वाचायची त्याची खोड लहानपणचीच राहिली. गोष्टीत कुणी आजारी पडलं, की हा पुस्तक मिटायचा आणि ताईला पत्र टाकायचा : "म्हाताऱ्याचं काय झालं, कळव. मग पुढे वाचतो." ताई तेच पुस्तक वाचनालयातून आणायची, काजं-बटणं बाजूला सारून शेवट गाठायची आणि कळवायची.

पहिल्यांदा विचारलं त्या गोष्टीतला म्हातारा मेला होता. तिकडे परगावी शिकणाऱ्या भावाची परीक्षा तोंडावर आलेली. ताईने लिहिलं, "उठून बसला. भूक लागली म्हणाला."

तिथून जी सवय लागली ती तीस वर्षं सुटली नाही. किती म्हातारे आणि किती बाळंतिणी तिने मरणाच्या दारातून ओढून आणल्या, त्याला गणती नाही. भावाने एकही थाप कधी पकडली नाही, म्हणजे शेवट तो वाचतच नसणार, असं ती धरून चालली.

भाऊ गेला. वर्षभराने भावजय आली.

"वन्सं, त्यांची पत्रं छापावी म्हणतेय. ते पुस्तकं कसे वाचायचे, हे लोकांना कळेल. तुमच्याकडची द्याल ना?"

ताईची सुई कापडातच थांबली. आपल्या थापा चव्हाट्यावर आल्या तर येवोत बापड्या. पण भाऊ याच पुस्तकांवर भाषणं द्यायचा. लोक म्हणतील, शेवट न वाचताच बोलत होता.

"उंदरांनी खाल्ली गं ती."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, वन्सं."

ताईला हसू फुटलं. "तीस वर्षं बोललेय," ती म्हणाली, आणि सगळं सांगून मोकळी झाली.

भावजयीने पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं. म्हाताऱ्याचंच. भाऊ जिथे थांबला होता त्या पानात ताईचं पत्र घडी करून ठेवलेलं. भावजयीने शेवटचं पान उलटलं. तिथे पेन्सिलीने, भावाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : "आज वाचून संपवलं. गेला बिचारा. ताईला सांगायचं नाही." खाली तारीख, परीक्षा संपली त्या आठवड्याची.

"सगळ्या पुस्तकांत असंच आहे," भावजय म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

ताईने चष्मा काढून पदराने पुसला.

"आणि तरी दर वेळी विचारायचा. लबाड कुठला."

मग ती वाकली, मशीनखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि भावजयीच्या पुढ्यात सरकवला.

"घे. उंदरांनी खाल्लेली पत्रं."