टीव्ही कार्डाचा आवाज

आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क लिनक्स वापरतात, आणि विंडोज वापरणाऱ्या आम्ही सगळ्यांनी लाच खाल्ली असावी अशा नजरेने आमच्याकडे बघतात. चालवलेली प्रत्येक कमांड ते वहीत तारखेसह लिहितात. कॉम्प्युटरवर टीव्ही बघता यावा म्हणून त्यांनी टीव्ही कार्ड बसवलं होतं; आठवडाभर त्याचं चित्र दिसत होतं, पण आवाज नव्हता. शेवटी मला बोलावलं. "हिंजवडीला आयटी कंपनीत जाता ना रोज? बघू या, काही येतं का."

मी साउंडची सेटिंग्ज उघडली, तोच आतल्या खोलीतून त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या बायकोचा बारीक आवाज आला, "अहो, पाणी देता का?"

वहीतून मान वर न करता ते मला म्हणाले, "तिचं दिवसभर हेच चालतं. तुमचं चालू द्या."

कार्डाचा आवाज ज्या 'लाइन-इन' जोडणीतून येतो, तीच म्यूट होती. मी एक कळ दाबली आणि बातम्यांचा आरडाओरडा खोलीभर झाला. त्यांनी मी केलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं. मग आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

पाणी देऊन येऊ का, असं मी विचारलं नाही. जिना चढून घरी आलो, दार लावलं, तरी बातम्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.