वधूच्या आईच्या हातची शाल

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी पुरुष आहे, साठी ओलांडली आहे, आणि मी लोकरीच्या जाळीदार शाली विणतो. बायकोची लोकर सांभाळत बसत नाही, वेळ जात नाही म्हणून विणत नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तर नाहीच नाही. मला येतं आणि मला आवडतं म्हणून विणतो. एवढी साधी गोष्ट या बेंगळूरात कन्नडमधून, हिंदीतून, मराठीतून सांगून माझं तोंड दुखायला लागलं, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर ते एक हसू यायचं ते येतंच. बनशंकरीत आमच्या घरामागच्या पार्कात बाकावर बसलो की फिरायला आलेले ओळखीचे लोक थांबतात आणि विचारतात, वहिनी कुठं गेल्या? म्हणजे वहिनी सुया माझ्या हातात देऊन भाजी आणायला गेल्यात असं त्यांना वाटतं.

वहिनींना, म्हणजे माझ्या बायकोला, शर्टाचं बटण लावायचं झालं तरी ती मला हाक मारते. यात तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ती बँकेत होती. पैशाचे व्यवहार ती बघायची, उसवलेलं-फाटलेलं मी बघायचो. घर असंच चाललं आणि चांगलं चाललं.

मी मूळचा निपाणीकडचा. तरुणपणी इथल्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो आणि लग्नाच्या आधीच मोटारसायकलवरून पडून पाय मोडून घेतला. माझं करायला गावाकडून मावशी आली. पडल्या पडल्या मी सगळ्या जगाला शिव्या घालायचो. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं, मग पिशवीतून सुया काढल्या आणि म्हणाली, तोंड चालवतोस त्यातलं थोडं हाताला लाव की. मफलर तिनं शिकवला. जाळी माझा मी शिकलो. जाळीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढलेली असते, आणि ड्रॉइंग वाचायची तर मला कारखान्यातली सवयच होती.

जाळीत गंमत अशी आहे की भोकं मुद्दाम पाडायची असतात. दोऱ्याचा एक वेढा सुईवर घ्यायचा, की तिथं भोक पडतं. वेढ्यानं एक टाका वाढतो, म्हणून शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. बस, सगळी कला एवढीच, बाकी सगळं लक्ष. साध्या विणीत टाका सुटला तर तो जागच्या जागी सापडतो. जाळीत तो वेढ्यांतून खाली पळत जातो आणि खालची पानं उसवत सुटतो. त्यामुळं विणणाऱ्याला एक खोड लागते. टाका सुटलेला दिसला की आधी हात धावतो, डोकं मागून येतं. ही खोड लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर माझी मुलगी. एकुलती एक, व्हाइटफील्डला एका कंपनीत. तिच्या ऑफिसात एसी एवढा असतो की दुपारी बोटं आखडतात, असं ती म्हणायची. पुण्याकडचं एक चांगलं स्थळ आलं, मुलगाही व्हाइटफील्डलाच कामाला, आई त्याच्याजवळच राहते. लग्न ठरलं आणि मी शाल विणायला घेतली. सायीच्या रंगाची बारीक लोकर, मधे पानांची नक्षी, कडेला टोकदार झालर. सुईवरून उतरली तेव्हा ती, सगळ्या जाळीच्या शाली दिसतात तशीच, चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसत होती. मग कोमट पाण्यात भिजवली, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबली आणि गादीवर ताणून कडेकडेनं टाचण्या लावायला घेतल्या. ताणल्यावर भोकं उघडतात आणि नक्षी वर येते. मुलगी दारात उभी होती. ती आत आली, गुडघ्यांवर बसली आणि दुसऱ्या कडेनं टाचण्या लावायला लागली. म्हणाली, "अप्पा, ही मी कुणाला हातसुद्धा लावू देणार नाही." मला भरून आलं. मी टाचण्यांचा डबा शोधायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

लग्न बनशंकरीतच, देवळापासून जवळच्या एका कल्याण मंटपात होतं. रुखवत मांडायचं काम मेहुणीकडं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीकडं होतं. मुलीकडच्या बायकांनी हातानं केलेल्या वस्तू कौतुकानं टेबलावर मांडायच्या, प्रत्येकीपुढं कुणी केलं त्याची चिठ्ठी लावायची, आणि मुलाकडच्यांनी ते बघत हिंडायचं. कौतुक तरी कसलं? सजवलेले नारळ चिकपेटेच्या बाजारातून आणलेले, त्यांच्यापुढं ‘वधूच्या मावशीकडून’. मण्यांचं तोरण ऑनलाइन मागवलेलं, त्यापुढं ‘वधूच्या काकूने केलेले’. मी हसलो आणि पुढं गेलो. टेबलाच्या मधोमध माझी शाल उलगडून ठेवलेली होती, आणि तिच्यापुढं चिठ्ठी होती: ‘वधूच्या आईच्या हातची शाल’.

तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या टेबलावर खरोखर घरात केलेली वस्तू ती एक, आणि नेमकी तिच्यावरच खोटी चिठ्ठी. फेटा बांधलेला होता, तो तसाच डोक्यावर घेऊन मी मेहुणीला गाठलं आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. बाई आधीच दमलेली होती. तिनं एकदा मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझ्यावर कशाला डाफरता?" ती म्हणाली. "मी ‘वडिलांनी’ असंच लिहिलं होतं. तुमच्या लेकीनं बदलायला लावलं."

तोंडात मारल्यासारखं झालं. मुलीला विचारावं तर ती मुंडावळ्या बांधून बसलेली, भोवती बायकांचा गराडा. बायकोला विचारलं तर ती खाली बघायला लागली. तिला सकाळीच कळलं होतं, तिनं नको म्हटलं होतं, पण लग्नघरात तमाशा नको म्हणून गप्प बसली. मी त्या चिठ्ठीला हात लावला नाही. मला ती मुलीच्या हातानं निघालेली हवी होती.

जेवणाच्या आधी विहीणबाई रुखवत बघायला आल्या. बाई मनमोकळ्या आहेत, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. त्यांनी शाल उचलली, उजेडात धरली आणि माझ्या बायकोचं तोंड भरून कौतुक केलं. बायको नुसतं हं हं करत राहिली, कारण खोटं बोलणं तिला जमत नाही. तेवढ्यात विहीणबाईंच्या तोड्याचं टोक जाळीत अडकलं. त्यांनी हात ओढला आणि धागा तुटला. टाके खाली पळायला लागले, आणि मी काही ठरवायच्या आत माझी दोन बोटं तिथं जाऊन चिमटीत धरून बसली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. आता तरी बोल म्हणून पाहिलं. तिनं मान हलवली, इतकी बारीक की फक्त मला दिसावी. नको म्हणून.

विहीणबाई ओशाळल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, तुम्हीच नीट करून द्याल ना हो? बायको सरी, म्हणजे बरं, म्हणाली. गडबडली की ती कन्नडमध्ये जाते. मी कुणाकडून तरी सेफ्टी पिन मागून घेतली, सुटलेल्या टाक्यांत ओवली, आणि चिमूट सोडली. त्या दिवशी पंगतीत काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

लग्न झालं, मुलगी व्हाइटफील्डला गेली. फोनवर मी तिच्याशी पाऊस, ट्रॅफिक आणि गॅसचा सिलिंडर यांवर बोलत राहिलो. राग पोटात तसाच होता. बाहेरच्या माणसांचं मी एवढी वर्षं ऐकून घेतलं आणि त्यांना सुनावलंही. घरातल्या माणसाला काय सुनावणार?

मग एका शनिवारी ती शाल घेऊन आली. पिशवीत नीट घडी घातलेली, पिन तशीच. सासूबाई विचारत होत्या, म्हणाली. मी म्हटलं, आईला दे, तिच्या हातची आहे. तिचे डोळे भरले, आणि मग तिच्याकडून जे कळलं ते ऐकून माझा उरलासुरला संयमही गेला. विहीणबाईंना त्या दिवशीच शंका आली होती. आईचे हात तिथल्या तिथं राहिले आणि वडिलांचा हात धावला, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी सुनेला सरळ विचारलं, की तुझे वडील विणतात का. आणि माझ्या मुलीनं सांगितलं, की हो, पण त्यांना कुणाला सांगितलेलं आवडत नाही, त्यांना फार संकोच वाटतो.

संकोच. मला. मी मेट्रोत विणतो, पार्कात विणतो, दाताच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत विणतो. पोरं माझा व्हिडिओ काढतात आणि मी त्यांना म्हणतो, काढायचाच तर स्वल्प जवळून काढा, नक्षी दिसू दे. आणि व्हाइटफील्डच्या त्या घरात माझ्यामागं माझी कीव चालली होती. बिचारे लाजतात म्हणून मोठ्या मनानं कुणी विषय काढत नव्हतं.

"लाज तुला वाटली," मी तिला म्हणालो, "आणि ती माझ्या नावावर लावून आलीस?"

ती रडली. म्हणाली, पुण्याची माणसं, नवी ओळख, कशी घेतील कळेना. शाळेत मैत्रिणी हसायच्या तेही तिनं काढलं. शाळेतल्या पोरी हसल्या असतील, ते मला समजतं. पण ही बाई आता मोठ्या कंपनीत माणसं सांभाळते. बायकोनं मधे पडून मला डोळ्यांनी दाबायचा प्रयत्न केला. मी दबलो नाही. मी म्हटलं, शाल परत घेऊन जा, इथं दुरुस्त होणार नाही. उद्या मी तुझ्या घरी येतो आणि तिथं बसून करतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली लोकर, सुया आणि क्रोशाची सुई पिशवीत टाकून निघालो. मेट्रोच्या तपासणीला सुया बघून शिपायानं थांबवलं आणि कन्नडमध्ये विचारलं, काय विणता? मी म्हटलं, मुलीची शाल. त्यानं मान डोलावली आणि सोडलं. त्या सगळ्या प्रकरणात मला धड प्रश्न विचारणारा तो एकटा निघाला. मॅजेस्टिकला गाडी बदलली आणि व्हाइटफील्डपर्यंत मी मनातल्या मनात भांडत गेलो.

विहीणबाईंनी दार उघडलं, चहा विचारला. मी म्हटलं, काम झाल्यावर. त्यांनी आवाज खाली आणला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "आतल्या खोलीत बसता का? तिथं कुणी येणार नाही."

बाईंचा काही दोष नव्हता, म्हणून मी शब्द गिळले. हॉलमध्ये खिडकीचा उजेड चांगला आहे एवढंच म्हणालो आणि सोफ्याच्या मधोमध बसलो. शाल मांडीवर पसरली, पिन काढली. नवा धागा आत घेतला आणि पळालेले टाके एकेक करून क्रोशाच्या सुईनं वर आणायला लागलो. वेढ्याचा टाका कुठला आणि एकत्र विणलेला कुठला हे बघत बघत ते करावं लागतं. जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. मुलगी समोरच्या खुर्चीत, हात मांडीवर.

तेवढ्यात शेजारच्या नागपूरच्या बाई दळणाचा डबा परत द्यायला आल्या. शाल बघून दारातच थांबल्या, मग आत आल्या, कडेची झालर बोटावर घेऊन बघितली. केवढं सुंदर काम, म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी विणली का? माझे हात थांबले. मी मुलीकडं पाहिलं, आणि या वेळी नजर काढली नाही.

"अप्पांनी," ती म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्यानं सांग," मी म्हणालो.

जावयांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. विहीणबाई ओट्याशी होत्या, त्या हात पुसत दाराशी आल्या. मुलगी लाल झाली होती. ती माझ्याकडं न बघता सासूबाईंकडं बघून बोलली.

"माझ्या अप्पांनी विणलीय. आईला नाही येत. आणि अप्पांना कधीच संकोच नव्हता. मला होता."

नागपूरच्या बाईंना यातलं काहीच कळलं नाही, त्या बिचाऱ्या डबा हातात धरून उभ्या राहिल्या. माझा राग गेला का, तर गेला नाही, अजूनही आहे. पण घसा फार कोरडा पडला होता.

"आता चहा चालेल," मी म्हणालो.